मानधन कापून पंच सुधारणार नाहीत


कोल्हापूरच्या स्थानिक फुटबॉलमधील पंचांविषयीचे मागील अंकातील पत्र वाचले. पंचगिरीचा दर्जा सुधारायला हवा, हे मान्य. पण ‘चुकीच्या निर्णयाबद्दल मानधन कापा’ हा उपाय म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे संघ समोरासमोर आले की गॅलरीत सरळ दोन तट पडतात. लांब पास सुटतो त्या क्षणी ऑफसाइड ठरवायला सहायक पंचाला चेंडू मारणारा पाय आणि तीस-चाळीस मीटरवरची बचावफळी, दोन्ही एकाच नजरेत टिपायचे असते, तेही पळता पळता. व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा पंच) इथे नाही. मोबाइल मात्र गॅलरीभर, आणि मध्यंतराच्या आत क्लिप पेठेत पोचलेली! त्यात पैसे कापले जाणार म्हटल्यावर तो निशाण उचलण्याआधी गॅलरीकडेच बघेल.

नियमानुसार पंचाचा निर्णय अंतिम असतो, पण तो सामन्यापुरता. नंतर तपासणी करायला कोण अडवते? जाणत्या निवृत्त पंचाने सामना बघून लेखी गुण द्यावेत, ते संघांना कळावेत आणि मोठा सामना त्या गुणांवरच मिळावा. ‘आपला माणूस’ म्हणून नको.

इंग्लंडमध्ये २०२३ साली हौशी लीगमधल्या पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून पाहिले, ते शिवीगाळ आणि धक्काबुक्की रोखण्यासाठी. आपल्याकडे नवी पोरे शिट्टी हातात घ्यायला का कचरतात, हे पत्रलेखकांनी एकदा आपल्याच तालमीच्या कट्ट्यावर विचारून बघावे.

– एक फुटबॉलप्रेमी, शिवाजी पेठ, कोल्हापूर