बेटावर बूट धुऊन, घाटात कचरा टाकून

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आळेफाट्यावर वाहनांच्या रांगा लागतात. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे रस्ते इथे एकमेकांना छेदतात. कोणी ओतूरमार्गे माळशेज घाटाकडे वळतो, तर कोणी मंचरमार्गे भीमाशंकरला जातो. रानात निघालेल्या या पाहुण्यांना सोबत काय नेता आणि मागे काय टाकून येता, असे वाटेत कोणी विचारत नाही.

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या साउथ जॉर्जिया बेटावर मात्र पहिली चौकशी हीच होते. तिथे विमानतळ नाही, बोटीनेच जावे लागते. किंग पेंग्विन, एलिफंट सील आणि अल्बाट्रॉस पाहायला गेलेल्या प्रवाशाला उतरण्याआधी बूट घासून धुवावे लागतात, खिसे आणि पिशव्यांच्या शिवणींत अडकलेले गवताचे बीही काढावे लागते. एका ठिकाणी एका वेळी शंभरापेक्षा जास्त प्रवासी उतरत नाहीत आणि प्राण्यांपासून किमान पाच मीटर लांब राहावे लागते.

ही शिस्त ठेच लागल्यावर आली. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सीलच्या शिकारीसाठी आलेल्या जहाजांतून उंदीर बेटावर उतरले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त करू लागले. २०११ ते २०१५ या काळात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकावे लागले, तेव्हा कुठे २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. फक्त तिथेच आढळणारा पिपिट हा छोटा गाणारा पक्षी त्यानंतर पुन्हा सर्वत्र दिसू लागला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्ड फ्लू तिथे पोहोचला. तो पक्ष्यांनी आणला असावा. तरी पर्यटकांमुळे तो आणखी पसरू नये म्हणून काही ठिकाणे बंद ठेवली गेली.

त्याच २०१८ साली राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. आंबेगव्हाण येथे बिबट सफारीचा प्रस्तावही आहे. रोजगारासाठी हे चांगलेच आहे. पण इथला बिबट्या पिंजऱ्यातला नाही, उसातला आहे, आणि त्याच्या ताटात काय पडते यावर गावाचे आरोग्य अवलंबून आहे. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा आढळला. उरलेली भजी, बिर्याणी, चिप्सची पाकिटे रस्त्याकडेला पडली की कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीजवळ येतो. पाहुणा रविवारी संध्याकाळी घरी परततो. बिबट्याची भीती आणि कुत्रा चावल्यावर घ्यावे लागणारे रेबीजचे इंजेक्शन गावकऱ्याच्या वाट्याला येते.

धोका एवढ्यावर थांबत नाही. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा विषाणू मांजरकुळातल्या प्राण्यांनाही होतो. २०१८ मध्येच गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतल्या अनेकांत तो सापडला होता. शेती आणि वस्तीने वेढलेले भीमाशंकरचे शेकरूंचे जंगलही एका अर्थाने बेटच आहे. बाहेरून आलेला रोग तिथेही सहज घुसू शकतो.

साउथ जॉर्जियाचे नियम जुन्नर-आंबेगावला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तिथे कायमची वस्ती नाही; इथे भाजलेले कणीस आणि चहा विकून अनेकांचा पावसाळा निघतो. पण त्या नियमांतला मूळ विचार इथेही चालेल: बंधन यजमानावर नव्हे, पाहुण्यावर. माळशेज आणि भीमाशंकरच्या वाटेवर वाहनामागे थोडे शुल्क घ्यावे. त्यातला ठरावीक वाटा घाटातला कचरा रोज उचलण्यासाठी आणि गावोगावच्या कुत्र्यांच्या लसीकरणासाठी राखून ठेवावा. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गाडीत नेलेले अन्न आणि प्लास्टिक गाडीतूनच परत न्यायचे, ही अट नाक्यावरच सांगावी.

हजारो किलोमीटरवरच्या पेंग्विनसाठी मराठी पर्यटकही निमूटपणे बूट धुतात. शेकरू आणि बिबट्याच्या रानात शिरताना त्यांच्याकडून एवढी अपेक्षा करणे जास्त नाही. सफारीचे फाटक उघडण्याआधी ही व्यवस्था उभी राहिली पाहिजे.