दिवंगत वडीलधाऱ्यांचें स्मरण

आमच्या वार्षिकाच्या शेवटल्या पानांवर दरसाल एक काळी चौकट असते, हें वाचकांस ठाऊक आहे. वर्षभरांत निवर्तलेले जुने शिक्षक, माजी विद्यार्थी, शाळेचे हितचिंतक व सेवक यांची तींत नोंद होते. ही चौकट भरण्याचें काम गेलीं कांहीं वर्षें आमच्याकडे आहे, आणि तें आम्ही कसें करीत आलों याची कबुली आधीं देऊन मग पुढचें बोलावें, हें बरें. आमच्यापाशीं दहा-बारा वाक्यें तयार असत. 'ते अत्यंत मनमिळाऊ व कर्तव्यदक्ष होते', 'त्यांच्या निधनानें शाळेची अपरिमित हानि झाली', 'त्यांची उणीव भरून निघणें कठीण', 'त्यांच्या आत्म्यास चिरशांति लाभो'. नांव व तारीख बदलली कीं काम झालें. अशा रीतीनें एकाच मनमिळाऊ व कर्तव्यदक्ष गृहस्थास आम्हीं आजवर कित्येक वेळां मूठमाती दिली आहे.

मागल्या वर्षींच्या चौकटींत आमच्या शाळेच्या एका जुन्या शिपायाचें नांव होतें. चाळीस वर्षांच्या आसपास त्यांनीं शाळेची घंटा दिली. अंक निघाल्यावर एक प्रत घेऊन आम्ही त्यांच्या घरीं गेलों. त्यांच्या पत्नीस वाचतां येत नाहीं, म्हणून त्या आठ ओळी आम्हींच वाचून दाखविल्या. बाईंनीं पदर सांवरून शांतपणें ऐकून घेतलें, आणि मग त्या म्हणाल्या, "गुरुजी, हे आमचे मालक न्हाईत. दुसऱ्या कुणाचं असंल, नीट बघा." त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. शेजारच्या घरचें पत्र चुकून आपल्या दारीं पडावें व तें आपण परत करावें, तशा साधेपणानें त्या बोलल्या.

आम्ही ओशाळलों, आणि चहा होईपर्यंत बसलों. त्या अर्ध्या तासांत जें कळलें तें इतक्या वर्षांच्या सहवासांत कळलें नव्हतें. सन १९७२ च्या दुष्काळांत, चवदा-पंधरा वर्षांच्या वयांत, ते आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होते. सुकडी आणि परदेशांतून आलेल्या मिलोची तांबडी भाकरी यांवर घरानें दिवस काढले. त्यांच्या डाव्या हाताचें एक बोट तेव्हांपासून वांकडें होतें. तें बोट आम्हीं सर्वांनीं पाहिलें होतें. तें वांकडें कां, हें कोणीं विचारिलें नव्हतें. सकाळची एस. टी. उशिरां येई, तेव्हां खेड्यांतलीं मुलें धांवत फाटकांतून आंत शिरेपर्यंत ते दुसरी घंटा मुद्दाम लांबवीत, आणि त्याबद्दल त्यांनीं वरिष्ठांचीं बोलणीं खाल्लीं होतीं. बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशीं ते अकरा वर्षें बोलले नाहींत. भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हां मात्र रोज रात्रीं जाऊन त्याच्या उशाशीं बसत. आणि तरीही बोलत नसत. अशा माणसास आम्हीं 'मनमिळाऊ' म्हटलें होतें!

मेलेल्या माणसाविषयीं वाईट बोलूं नये, असा आपल्याकडे रिवाज आहे, आणि त्याच्या पोटीं चांगुलपणा आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु वाईट बोलूं नये, वाईट बोलूं नये, असें म्हणतां म्हणतां कांहींच बोलूं नये, येथवर आपण येऊन ठेपलों आहों. याहून निराळी वाट मराठींत फार पूर्वींच एका बाईंनीं दाखवून ठेविली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजीं वारले. त्यांच्या कवित्वाचे व धर्मनिष्ठेचे गोडवे गाणारे पुष्कळ झाले. पण आज शंभराहून अधिक वर्षांनंतर टिळक आपल्यापुढें चालतेबोलते उभे राहतात ते सन १९३४ पासून भागाभागांनीं निघालेल्या लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळें. लहानपणीं ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनीं नवऱ्याचा तापटपणा, त्याचें अवचित घर सोडून जाणें, हातचा पैसा जपून न ठेवणें, हें सारें हंसतखेळत सांगितलें. टिळकांची थोरवी त्यानें रतिभर उणावली नाहीं. उलट, ज्याच्याबरोबर राहणें इतकें कठीण होतें त्याच्यावर इतकी माया कशी जडली, हें वाचतांना उमगत जातें.

सन २०२४ व २०२५ या सालांत गेलेल्या वडीलधाऱ्यांपैकीं तिघेजण आमच्या मनांत घर करून आहेत. तिघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होऊन गेलेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजीं, जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजीं, आणि त्यानंतर महिन्याभरांतच, १८ जून रोजीं, मारुती चितमपल्ली आपल्यांतून गेले. तिघांविषयींही पुष्कळ बोललें व लिहिलें गेलें, आणि त्यांत विशेषणांचा तुटवडा नव्हता. परंतु दिब्रिटोंस 'धैर्यवान' म्हणून थांबल्यानें काय हातीं लागतें? वसईच्या शेतवाड्या व विहिरींचें गोडें पाणी राखण्यासाठीं हरित वसईच्या चळवळींत उतरतांना एका धर्मगुरूनें कोणाकोणास दुखविलें, आणि सन २०२० च्या उस्मानाबादच्या (आतांच्या धाराशिवच्या) संमेलनास त्यांच्या निवडीवरून विरोध उठला असतां, प्रकृति ठीक नसतांही ते कसे हजर राहिले, हें सांगितल्यावांचून तें धैर्य मुलांस कळावें कसें?

नारळीकरांविषयीं एक गोष्ट सांगतांना तर वक्ते अडखळतात, असें आमच्या ध्यानांत आलें आहे. विश्वाचा आरंभ महास्फोटानें झाला, हें मत बहुतेक शास्त्रज्ञांनीं स्वीकारल्यावरही तें त्यांस पटलें नाहीं. सन १९९३ मध्यें फ्रेड हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनीं आपली निराळी उपपत्ति मांडली, आणि या बाबतींत ते अल्पमतांतच राहिले. ही गोष्ट गाळण्यांत त्यांचा मान राहतो असें ज्यांस वाटतें, त्यांस नारळीकर समजलेच नाहींत. सही मागावयास आलेल्या मुलांस ते सांगत कीं, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठवा. उत्तर पाठवीन, त्याखालीं सही असेलच. बहुमताविरुद्ध प्रश्न विचारीत राहिलेल्या माणसानें मुलांकडून प्रश्न मागावे, या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे माणूस दिसूं लागतो.

चितमपल्लींचें चरित्र आमच्या प्रस्तुत विषयास सर्वांत जवळचें आहे. वनखात्याच्या नोकरींत ते रानोमाळ हिंडले, आणि पांखरांची, झाडांची, श्वापदांची नांवें त्यांनीं केवळ ग्रंथांतून घेतलीं नाहींत. जंगलांत राहणाऱ्या माणसांस विचारून विचारून तीं टिपून ठेविलीं. त्या टिपणांचे पुढें कोश झाले. कावळ्यांच्या वसतीला 'काकागार' आणि बगळ्यांच्या वसतीला 'सारंगागार' असे शब्द मराठीस त्यांच्यामुळें मिळाले. आम्हांस मात्र राहून राहून त्या पारध्यांचा व गोंडांचा विचार येतो, ज्यांनीं शेकोटीपाशीं बसून या सरकारी अंमलदारास पांखरांचीं नांवें सांगितलीं. ते म्हातारे बहुतेक आज हयात नसतील; त्यांचा मृत्युलेख कोणीं लिहिला नाहीं. पण कोणीएक त्यांस वेळेवर विचारावयास गेला, म्हणून त्यांचे शब्द त्यांच्याबरोबर मातींत गेले नाहींत.

आमची चूक नेमकी येथें आहे, असें आम्हांस आतां वाटतें. मृत्युलेख पोकळ होतो तो लिहिणाऱ्याच्या अंगीं प्रतिभा नसल्यामुळें नव्हे. ज्याच्याविषयीं लिहावयाचें त्यास तो जिवंत असतांना आपण कांहीं विचारिलेलें नसतें, म्हणून ऐन वेळीं विशेषणें उसनीं आणावीं लागतात. पूर्वीं ही उणीव थोडीफार भरून निघे. दहाव्या-तेराव्याच्या दिवशीं, चाळिसाव्याच्या जेवणावर, किंवा प्रेत मातीस देऊन परत येतांना लोक ओट्यावर बसत, आणि एकेक आठवण निघे. कधीं त्यांत हंशाही पिके. सन २०२० व २०२१ च्या महामारींत तेंही घडलें नाहीं. कित्येक आजे-आज्या चार माणसांच्या खांद्यावांचून गेल्या, आणि त्यांच्यामागें बसून बोलावयास कोणी जमूं शकलें नाहीं. त्या दोन वर्षांत किती गोष्टी सांगावयाच्या राहिल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरांत नाहीं.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे कीं, सुटींत घरीं गेल्यावर त्यांनीं वही घेऊन वडीलधाऱ्यांपाशीं बसावें. 'तरुणांस आपला संदेश काय?' असें मात्र कृपा करून विचारूं नये. या प्रश्नानें चांगला बोलका म्हातारासुद्धां सभेंतल्या पाहुण्यासारखें बोलूं लागतो! पाणी कोठून आणीत होतां, पहिली मजुरी किती मिळाली, शाळा कां सुटली, त्या दुष्काळांत कोणत्या कामावर होतां, असें विचारावें. जे १९७२ सालीं पंधरा वर्षांचे होते त्यांची सत्तरी आतां आली आहे किंवा दारांत उभी आहे. इतिहासाच्या पुस्तकांत त्या दुष्काळास जितक्या ओळी आहेत, त्यांहून कितीतरी अधिक एकेका ओसरीवर आहेत. वृद्ध माणसें गोष्ट वाढवून सांगतात, असा आक्षेप आमच्या एका सहकाऱ्यांनीं घेतला. सांगत असतील, दोन ओसऱ्यांवर विचारावें म्हणजे वाढविलेलें कळतें. कोणी सांगावयास नकार दिला, तर मात्र वही मिटावी व उगीच बसून राहावें. न सांगण्याचा हक्क त्यांचा आहे.

आमच्या शिपायाविषयींच्या ओळी यंदा आम्हीं नव्यानें लिहिल्या, आणि या खेपेस छापण्याआधीं त्या बाईंस वाचून दाखविल्या. भावाची हकीकत गाळावी कीं काय, असें आम्हीं विचारिलें. ती राहूं द्यावी, असें त्या म्हणाल्या. एके ठिकाणीं मात्र त्यांनीं आम्हांस थांबविलें. शाळेची पितळी घंटा त्यांनीं चाळीस वर्षें दिली, असें आम्हीं लिहिलें होतें. "पितळी मागनं आली," बाई म्हणाल्या. "आधी रुळाचा तुकडा हुता, आंब्याला टांगल्याला. त्यो यांनीच टांगला हुता." ती दुरुस्ती केली आहे.