बंब येईपर्यंत

दरवर्षी १४ एप्रिलला मुंबई अग्निशमन दल आपल्या हुतात्म्यांना मानवंदना देते. १९४४ साली याच दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान परतले नाहीत. ती यादी पुढेही वाढत गेली. जुलै २०१४ मध्ये अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कमध्ये नितीन इवलेकर गेले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात काळबादेवीच्या गोकुळ निवासाने सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अनुभवी अधिकारी हिरावून नेले. या दलाच्या शौर्याबद्दल कुणी शंका घेणार नाही. प्रश्न आहे तो हे शूर जवान वेळेत पोहोचूच शकत नाहीत अशा जागांचा, आणि पूर्व-पश्चिम उपनगरांत अशा जागा थोड्याथोडक्या नाहीत.

घाटकोपरचे असल्फा, विक्रोळीचे पार्कसाइट, भांडुप-मुलुंडच्या मधला खिंडीपाडा, मुलुंडच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या, कांदिवलीचे दामूनगर. इथे रस्ता संपतो आणि पायऱ्या सुरू होतात. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला पाण्याची निळी पिंपे, डोक्यावर वायरींचे जाळे, आणि मधून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट. बंब खाली मुख्य रस्त्यावर थांबतो. तिथून जवान पंधरा-पंधरा मीटरचे होज एकाला एक जोडत वर चढतात. उंचीबरोबर पाण्याचा दाब घटत जातो आणि एखाद्या वळणावर पाइप मुडपला की सगळे ठप्प होते. यात जवानांचा काय दोष? पण वर आग तोवर तिसऱ्या-चौथ्या घरात शिरलेली असते.

७ डिसेंबर २०१५ला दामूनगरमध्ये हेच झाले. ऐन दुपारी लागलेल्या आगीत हजाराहून अधिक झोपड्या खाक झाल्या. एका घरातला सिलिंडर फुटला, त्याच्या धगीने शेजारचा, आणि मग एकामागून एक. दोन जीव गेले, शेकडो कुटुंबांचे दाखले, शिधापत्रिका, मुलांची पुस्तके जळाली. अशा आगीत पहिल्या दहा मिनिटांत तीन कामे व्हावी लागतात. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मीटरपेटीतून वीज तोडणे, लगतच्या घरांतले सिलिंडर रेग्युलेटर काढून सुरक्षित जागी हलवणे, आणि म्हातारी, आजारी, अंथरुणाला खिळलेली माणसे आधी बाहेर काढणे. नळीला आग लागली तर ओले गोणपाट टाकून ज्वाळा दाबायची आणि सिलिंडरची चावी बंद करायची, हे अग्निशमन दल प्रात्यक्षिकांत वर्षानुवर्षे दाखवत आले आहे. पण प्रात्यक्षिक पाहणे वेगळे आणि धुरात हात पुढे करणे वेगळे. ते सरावाने येते, आणि ऐनवेळी ते वस्तीतल्याच माणसाला करावे लागते, कारण तिथे दुसरे कुणी नसते.

म्हणूनच आमची मागणी सरळ आहे. उपनगरातल्या प्रत्येक डोंगरवस्तीला आणि प्रत्येक आदिवासी पाड्याला स्वतःचे प्रशिक्षित, नोंदणीकृत आणि विमा उतरवलेले स्वयंसेवी अग्निशमन पथक असले पाहिजे, आणि ते उभारण्याची जबाबदारी महापालिकेने आणि राज्य सरकारने घेतली पाहिजे.

पाड्यांचा उल्लेख मुद्दाम केला. मुंबईत गावे आहेत, रानही आहे, याचा विसर पडावा इतके हे शहर काँक्रीटचे झाले आहे. आरे वसाहतीत केलटीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, मरोशीपाडा, तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नवापाडा, रावणपाडा, चिंचपाडा. वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी कुटुंबे इथे पिढ्यानपिढ्या राहतात. दिवाळी उलटली की या डोंगरांवरचे कमरेएवढे गवत सुकते आणि पहिला पाऊस पडेपर्यंत वणव्याची भीती घेऊन पाडा झोपतो. इथला वणवा जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून लागतो. कधी फेकलेल्या विडीने, कधी पेटवलेल्या कचऱ्याने, कधी जागा मोकळी करण्याच्या लोभाने.

३ डिसेंबर २०१८च्या संध्याकाळी गोरेगाव पूर्वेला आरेलगतच्या डोंगरावर जी आग भडकली, ती साऱ्या मुंबईने दूरचित्रवाणीवर पाहिली. डोंगर रात्रभर धुमसत होता. बंब वर चढू शकत नव्हते, म्हणून जवान पायी गेले आणि झोडपून-झोडपून आग विझवू लागले. हे झोडपण्याचे तंत्र पाड्यातल्या माणसाला नवे नाही. पानांनी भरलेली ओली डहाळी घ्यायची, वाऱ्याला पाठ द्यायची, आणि ज्वाळेच्या माथ्यावर न मारता तिच्या बुडाशी, जळत्या गवताच्या कडेवर, आतल्या बाजूला ओढत मारायचे. डहाळी उंच उचलली तर ठिणग्या मागे उडतात आणि पाठीमागे दुसरी आग उभी राहते. एक जण झोडपतो, मागचा धुमसती मुळे आणि शेण्या पायाने विस्कटत येतो. हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून आलेले नाही आणि त्याला कुणी पगारही देत नाही. पायात रबरी चप्पल, तोंडाला ओला गमछा, एवढ्यावर ही माणसे आपले घर आणि आपल्या सर्वांचे जंगल वाचवतात.

कायदा मात्र त्यांना चांगला ओळखतो. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाचे ७९वे कलम वनावर हक्क असलेल्या, त्यातून लाकूड किंवा इतर वनोपज घेण्याची परवानगी असलेल्या प्रत्येकाला वणवा विझवण्यात मदत करणे बंधनकारक करते. मदत नाकारली तर शिक्षा आहे. पण मदत करताना पाय भाजला, धूर छातीत गेला, तर काय, याचे उत्तर त्या कलमात नाही. वन विभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो, डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना मोबाइलवर येते. सूचना आकाशातून क्षणात उतरते, पण डोंगरावर हातात डहाळी घेऊन उभा राहणारा तोच, विनामूल्य आणि विनाविमा. त्याला चांगले बूट, जाड हातमोजे, लांब दांड्याचे रबरी झोडपणे, पाठीवरचा पाण्याचा पंप आणि एक-दोन ब्लोअर देण्यासाठी फार मोठी तिजोरी उघडावी लागत नाही.

त्यात हद्दीचा घोळ आहेच. राष्ट्रीय उद्यान वन विभागाचे, आरे दुग्धविकास विभागाची, रस्ता महापालिकेचा, आणि वस्ती कुणाचीच नाही. पाड्याचे पथक झाले तर किमान एक घटक असा असेल, जो हद्द न विचारता आगीकडे धावेल.

हे पथक उभे करायला माणसे कुठून आणणार, असे विचारणाऱ्याने एकदा श्रावणातल्या रात्री उपनगरातल्या कोणत्याही मैदानावर जावे. गोविंदा पथकांचा सराव चालू असतो. कामावरून दमून आलेली दोन-अडीचशे मुले एका शिट्टीवर रांगेत उभी राहतात. तळाच्या थरात कोण, मधल्या फळीत कोण, सर्वांत वर कोणते लेकरू, पडला तर झेलायला कोण, हे सारे ठरलेले असते. जोगेश्वरीच्या पथकांनी नऊ-दहा थरांची मजल मारली, ती नुसत्या उत्साहावर नव्हे. शिस्त, शरीर आणि एकमेकांवरचा विश्वास, अग्निशामकाला हेच तर लागते. गणेशोत्सव मंडळे, महिला बचत गट, क्रिकेटचे संघ, जिममधली पोरे, प्रत्येक वस्तीत हात तयार आहेत. त्या हातांना काय करायचे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करायचे नाही, हे शिकवणारा कुणी हवा.

सरकारकडे यासाठी योजना नाहीत असे नाही. गृहरक्षक दलाचा जन्मच मुंबईत, डिसेंबर १९४६ मध्ये झाला. १९६८च्या कायद्याने नागरी संरक्षण दल आले, आणि त्याच्या प्रशिक्षणात अग्निशमन हा विषय पहिल्यापासून आहे. ७ मे २०२५ला देशभर युद्धसराव झाला तेव्हा या दलाची सर्वांना पुन्हा आठवण झाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकाला बारा दिवसांचे प्रशिक्षण आणि साहित्याचा संच मिळतो. योजना चांगलीच आहे. उणीव इतकीच की प्रशिक्षण व्यक्तीला मिळते, वस्तीला मिळत नाही. शिकलेला मुलगा नोकरीनिमित्त विरारला गेला की त्याच्याबरोबर प्रशिक्षणही जाते. पथक वस्तीच्या नावाने असले, त्याची पेटी, शिट्टी, साहित्य वस्तीतच राहिले, तर जुना गेला तरी नवा त्याची जागा घेतो.

ग्रामीण महाराष्ट्राने या बाबतीत मुंबईला वाट दाखवून ठेवली आहे. पुणे, नाशिक, नगर अशा जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ चालते. संकटातला माणूस एका टोल-फ्री क्रमांकावर फोन करतो आणि त्याचाच आवाज त्याच क्षणी गावातल्या सर्वांच्या मोबाइलवर फोन होऊन वाजतो. चोर आले, बिबट्या दिसला, गंजीला आग लागली, सारे गाव मिनिटांत बाहेर. आरेच्या पाड्यांत बिबट्याही आहे आणि आगही. ही सोय त्यांना अजून का नसावी?

जगात हे काही आक्रीत नाही. चिली देशात अग्निशमन दल संपूर्णपणे स्वयंसेवकांचे आहे. त्याची सुरुवात १८५१ मध्ये वालपराइसो या शहरात झाली, जे मुंबईसारखेच बंदर आहे आणि ज्याच्या टेकड्यांवर दाट वस्त्या आहेत. जपानमध्ये सात लाखांहून अधिक माणसे आपापला व्यवसाय सांभाळून गावाच्या अग्निशमन पथकात असतात. १७ जानेवारी १९९५च्या पहाटे कोबेच्या भूकंपाने आवाजी बेटावरचे होकुदान गाव उद्ध्वस्त केले, तेव्हा तिथल्या पथकाने आणि गावकऱ्यांनी ढिगाऱ्यांतून सुमारे तीनशे माणसे बाहेर काढली. कोणत्या घरातली आजी कोणत्या खोलीत झोपते, हे पथकातल्या माणसांना माहीत होते. त्यांनी नेमके तिथेच खणले. बाहेरून आलेल्या कितीही कुशल जवानाला ही माहिती असू शकत नाही.

गोरेगावची जय भवानी इमारत आठवा. ६ ऑक्टोबर २०२३ची पहाट, पुनर्वसन योजनेतली इमारत, तळाच्या पार्किंगमध्ये जुन्या कपड्यांचे ढीग आणि दुचाकी. आग खाली लागली आणि धूर जिन्याने वर चढला. किमान सात जण दगावले, कित्येक गुदमरून रुग्णालयात गेले. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ सांगतो की इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, सादर करा. किती पुनर्वसन इमारतींच्या सोसायट्यांना हे कलम ठाऊक तरी आहे? आणि डिसेंबर २०१७ मध्ये साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या गाळ्यात झोपलेले बारा कामगार जळून मेले, त्यांच्यापर्यंत कोणता कायदा पोहोचला होता? वस्तीचे पथक वर्षभर काय करेल, याचे उत्तर इथे आहे. जिन्यातला पसारा हटवायला लावणे, गाळ्यातल्या पोटमाळ्यावर कोण झोपते याची नोंद ठेवणे, लोंबकळत्या वायरींची तक्रार अदानीकडे किंवा मुलुंड-भांडुपमध्ये महावितरणकडे करून तिचा पाठपुरावा करणे. आग विझवण्याची वेळ वर्षातून एकदा येईल, हे काम रोजचे आहे.

आक्षेप येतील, आणि त्यातले दोन गंभीर आहेत. पहिला कामगार संघटनांचा असेल. स्वयंसेवक दाखवून दलातली भरती टाळली जाईल, ही त्यांची भीती रास्त आहे. कंत्राटीकरणाचा अनुभव असलेल्या माणसाने ती बाळगलीच पाहिजे. म्हणून हे नियमातच लिहावे की या पथकांमुळे दलाचे एकही मंजूर पद कमी होणार नाही आणि एकही प्रस्तावित केंद्र रद्द होणार नाही. दुसरा आक्षेप असा की अर्धवट शिकलेला पोरगा हिरो व्हायला जाईल आणि जीव गमावेल. त्यावर उपाय पक्क्या मर्यादेचा आहे. बंद खोलीत शिरायचे नाही, रसायनांच्या गोदामाजवळ फिरकायचे नाही, आणि बंबाचा अधिकारी पोहोचला की सूत्रे त्याच्या हाती द्यायची. राजकीय पक्षांनी या पथकांवर आपले फलक लावू नयेत, हेही आत्ताच बजावलेले बरे. साहित्याच्या पेटीवर नगरसेवकाचा फोटो आला की दुसऱ्या गटाची मुले त्या पेटीला हात लावत नाहीत.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सरकारी आराखड्यात हमखास सुटते. दामूनगरची आग दुपारची होती. त्या वेळी वस्तीतले पुरुष कामावर असतात. घरी असतात त्या बायका, म्हातारी माणसे आणि शाळेतून आलेली पोरे. पथकात निम्म्याहून अधिक महिला नसतील तर ते दुपारच्या आगीत निरुपयोगी ठरेल. धुणीभांडी आटोपून परतलेली मावशी, शिवणकाम करणारी ताई, अंगणवाडी सेविका यांना सिलिंडर हाताळण्याचे प्रशिक्षण आधी मिळाले पाहिजे. सरावाच्या वेळाही त्यांच्या सोयीने ठेवाव्या लागतील. रविवारी सकाळी दहाला शिबिर लावले तर त्या येऊ शकणार नाहीत, कारण त्या वेळी त्या दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करत असतात.

सुरुवात चार ठिकाणी करता येईल. मुलुंडच्या टी विभागातली एक डोंगरवस्ती, घाटकोपरच्या एन विभागातली एक, आरेचा एक पाडा आणि राष्ट्रीय उद्यानातला एक. अग्निशमन दलाचे निवृत्त अधिकारी आणि जवान याच उपनगरांत राहतात, शिकवायला त्यांनाच मानधनावर घ्यावे. पाड्यांतल्या शिबिरांत मात्र वणव्याचे शिक्षक पाड्यातलेच असावेत आणि त्यांनाही तेच मानधन मिळावे. राहिला विमा. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीच्या थरावरून पडून मृत्यू आल्यास गोविंदाच्या कुटुंबाला दहा लाखांचे संरक्षण जाहीर केले आणि ते योग्यच केले. तोच आकडा, तीच पद्धत आगीशी झुंजणाऱ्या स्वयंसेवकाला लागू करणारा शासन निर्णय दिवाळीपूर्वी, गवत वाळायच्या आत निघाला पाहिजे.