काळ्या किनारीची खूण

काश्मीर खोरे व पीर पंजाल रांगेतील वनांत उन्हाळ्यात वीण करणारा काश्मिरी माशीमार हा अवघा १३ सेंटीमीटर लांबीचा पक्षी आहे. झाडाच्या ढोलीत तो घरटे करतो आणि पिले उडती झाली की शरद ऋतूत दक्षिणेची वाट धरतो. निलगिरी व श्रीलंकेचा डोंगराळ प्रदेश हे त्याचे हिवाळी निवासस्थान. श्रीलंकेतील नुवारा एलियाचे व्हिक्टोरिया उद्यान त्याच्या दर्शनासाठी प्रसिद्ध आहे.

त्याला ओळखताना रंग फसवतो. महाराष्ट्रातही हिवाळ्यात येणारा लाल छातीचा माशीमार त्याचा जवळचा नातलग. दोन्ही नरांचा कंठ नारिंगी, दोहोंच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंस पांढरे डाग, शेपटी वर झटकण्याची सवयही तीच. मात्र लाल छातीच्या माशीमाराचा नारिंगी रंग कंठ व वरच्या छातीपाशी थांबतो. काश्मिरी नरामध्ये तो छातीवरून कुशींपर्यंत पसरतो आणि मान व छातीच्या कडांना काळी किनार असते. ती किनार दिसली की शंका उरत नाही.

माद्या व कोवळे नर तपकिरी, फिकट. तेथे अनुभवी निरीक्षकही अडखळतो. एका दाण्यावरून पोत्याचा भाव न ठरविणाऱ्या व्यापाऱ्याला हे सहज उमजेल. रंग, शेपूट, स्थळ, ऋतू या सर्व अंगांनी पाहावे. अनेकांतदृष्टी येथेही उपयोगी पडते.

पूर्वी असा संशय बंदुकीने फेडला जाई. पक्षी टिपायचा आणि हातात घेऊन तपासायचा, ही अभ्यासाची मान्य रीत होती. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या जीवनाला वळण मिळाले तेही बालपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीमुळे. आज दुर्बीण व छायाचित्र पुरेसे असते. तरीही ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणे, छायाचित्रासाठी ढोलीपाशी गर्दी करणे, हीदेखील पीडाच होय.

या पक्ष्याचे विणीचे क्षेत्र लहान आहे आणि तेथील वनतोड हे त्याच्यावरील मोठे संकट. अशा वेळी संशयित पक्षी त्याच्या नावे मांडला, तर त्याची संख्या फुगते आणि संकट झाकले जाते. म्हणून खात्री नसताना वहीत ‘माशीमार, जात अनिश्चित’ इतकेच लिहावे. त्या पंचेंद्रिय जीवाला इजा न करता केलेली ही अपुरी नोंदही सत्याला धरूनच असते.