आकडा खरा, पण टेप लावून

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा आमची भाची पहिलीत होती. तेव्हापासून आपाच्या घरी पाणी मोजूनच वापरतात. यंदा मेच्या सुटीत आम्ही नांदेडहून गेलो, तर भाचीने गच्चीवरच्या टाकीला सेन्सर लावायचे मनावर घेतले होते.

एचसी-एसआर०४ हा स्वस्तातला सेन्सर. तो आवाजाची लहर सोडतो आणि ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, तेवढेच कळवतो. त्या वेळेचा सेंटिमीटरमध्ये तर्जुमा करणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. जावास्क्रिप्टमध्ये तो तयार मिळतो. लॅपटॉपवर आधी नोड-जेएस घ्यायचे, मग ‘एनपीएम इन्स्टॉल जॉनी-फाइव्ह’ ही आज्ञा द्यायची.

“मामू, काहीच येत नाही!” भाची रडकुंडीला आली. चूक आमचीच होती. आर्डुइनो बोर्डावर आम्ही नेहमीचे स्टँडर्ड-फर्माटा चढवले होते. या सेन्सरला पिंग-फर्माटा लागते. ते चढवले, प्रोग्रॅममध्ये सेन्सरचे नाव आणि पिनचा क्रमांक लिहिला आणि आकडा आला: पाणी झाकणापासून ९६ सेंटिमीटर खाली.

“मशीन काही म्हणो, आधी टेप सोड,” आपा म्हणाली. शिलाईच्या टेपने भरले पूर्ण १००!

दोष सेन्सरचा नव्हता. हा ड्रायव्हर आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरतो. तो वेग २० अंशांच्या हवेतला. ४२ अंशांत आवाज सुमारे ३५६ मीटर धावतो, लवकर परततो आणि पाणी आहे त्यापेक्षा वर दिसते. म्हणजे ऐन टंचाईत मशीन पाणी जास्त सांगणार! आलेल्या आकड्याला ३५६ ने गुणून ३४३ ने भागले, तेव्हा हिशेब जुळला. सकाळच्या गारव्यात मात्र हा गुणाकार चालणार नाही. सोबत तापमानाचा सेन्सर हवा. शिवाय हा सेन्सर ओलीत टिकत नाही. कायमचा बसवायचा तर पाणी न शिरणारा घ्यावा.

मुलांना पॅकेज जरूर उतरवू द्या. पण पडद्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणाचे वजूचे पाणी अडण्याआधी, त्यांच्या हातात एकदा टेपही द्या.