न्हाणीघर म्हणजे किल्ला नव्हे

किल्ल्याचा दरवाजा आत उघडतो. मागून अडसर घातला की बाहेरच्यांनी कितीही रेटा दिला तरी तो भिंतीच्या बळावर उभा राहतो. आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७ मध्ये धारूरचा किल्ला बांधला, तेव्हा बाहेरच्याला आत येऊ न देणं हाच दरवाजाचा धर्म होता. पण त्याच किल्ल्याखालच्या गावात आज घर बांधायला काढलं, की मिस्त्री बाथरूमलाही तोच धर्म लावतो. ‘आतच उघडू द्या काका, बाहेर बरं दिसत न्हाई.’

पहिला दाखला परंपरेचा दिला जातो. परंपरा कुठली? आपल्या माळवदाच्या घरांत न्हाणी म्हणजे कोपऱ्यातली फरशी, शेजारी रांजण, पाणी तापवायचा बंब आणि फार तर एक जुनेराचा पडदा. दारच नव्हतं, तर ते आत उघडायचं की बाहेर हा वाद पूर्वजांनी कधी घातला? संडास आणि न्हाणी एकाच खोलीत, तीही घरात, ही चाल अलीकडची.

दुसरा दाखला वजनदार आहे: ओल्या दाराचं पाणी आतल्या आत निथळतं. खरं आहे. पण आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्याही आतच, वाफेत आणि शिंतोड्यात राहतात, गंजतात आणि एक दिवस दार फरशीला घासू लागतं. बाहेर निथळणाऱ्या चार थेंबांना एक पायपुसणं पुरतं.

आता जागेचा हिशेब. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार संडास-बाथरूम एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे तीस चौरस फूट जागा हवी आणि रुंदी किमान १.२ मीटर, म्हणजे चार फूट. अडीच फुटी दार आत फिरलं की त्याखाली जवळपास पाच चौरस फूट जमीन जाते. त्या पट्ट्यात बादलीसुद्धा ठेवता येत नाही. आणि आपल्याकडे प्रश्न बादलीचा नसतोच. नळाला रोज पाणी येत नाही तिथे ड्रम भरून ठेवावा लागतो आणि त्याला बाथरूमखेरीज जागा सापडत नाही. मग दार ड्रमला थडकतं आणि अंगानं जाड असलेला पाहुणा तिरका होऊन आत शिरतो.

एवढंच असतं तर हसून सोडलं असतं. पण म्हातारं माणूस ओल्या फरशीवर घसरतं. हिवाळ्यात गॅस गिझर लावून खिडकी बंद केली की कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि धडधाकट माणूसही भोवळ येऊन कोसळतो. चार फुटांच्या खोलीत पडलेला माणूस दारालाच अडून पडणार. बाहेरून ढकलावं तर त्याच्याच अंगावर ढकलायचं. अपंगांसाठी सुगम्यतेच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत संडासाचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं असं सांगितलंय, ते काही शोभेसाठी नव्हे. शिवाय कडी अशी हवी की बाहेरून नाण्यानं फिरवता येईल, नाहीतर दार बाहेर उघडून उपयोग काय?

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. जुन्या गावठाणात घरातली वाट दोन-अडीच फुटांची असते, तिथे बाहेर उघडणारं दार येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळावर आदळेल. तिथे सरकतं दार लावावं. जागा असेल तर बिजागरी अशा बाजूला घ्यावी की दार मोकळ्या भिंतीला टेकेल, आणि दिव्याचं बटण कडीच्या बाजूला, दाराच्या मागे नव्हे. दार उघडल्यावर समोर संडासाचं भांडं दिसू नये, इतपत जागा आखणीतच हलवावी. स्वयंपाकघराकडे तर ते तोंड नकोच. यात वास्तुशास्त्र नाही, नाक आहे.

हे सगळं सुताराला चौकट करण्याआधी सांगावं लागतं. दार बसतं ती खाच कुठल्या बाजूला हे तेव्हाच ठरतं. गिलावा झाल्यावर सांगितलं तर मिस्त्री मान डोलावतो, ‘पुढच्या घराला करू’ म्हणतो, आणि दार आतच उघडतं.