पोस्टमनची गाणी आणि आपला नोटिस पीरियड

आयटीवाल्यांच्या फ्लॅटमध्ये दोन गोष्टी हमखास सापडतात. सिंकमध्ये साठलेले चहाचे कप आणि कोपऱ्यात उभी केलेली गिटार. बहुतेक गिटारींवर पुढे टी-शर्ट वाळत पडतात. पण काही जण खरंच गाणी करतात. शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, साथीला एक गिटार, बस्स. इंग्रजीत अशाला ‘फोक सिंगर-साँगरायटर’ म्हणतात. मराठीत याला नेमका शब्द नाही. लोकगीत म्हटलं की आपल्याला ओवी, भारूड आठवतं, म्हणजे जिथे कर्ता कोण हे विचारायचीच पद्धत नाही. त्यातल्या त्यात जवळचे म्हणजे आपले शाहीर, किंवा वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यात 1922 साली जन्मलेला हा माणूस 2004 मध्ये जाईपर्यंत स्वतः लिहीत आणि गावोगाव फिरून गात राहिला. आज त्यांची गाणी गाणाऱ्या कितीतरी जणांना ती कुणाची हेही ठाऊक नसतं. हा गौरव आहे की अन्याय, यावर वेगळा लेख होईल. असो.

तर अशा गाणी करणाऱ्या मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो, ‘नोकरी कधी सोडू?’ ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये यावर तासन्‌तास चर्चा झडतात. एक गट म्हणतो, झोकून दे. दुसरा म्हणतो, आधी होम लोन फेड. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. नोकरी सोडल्याने कुणाचं करिअर उभं राहत नाही आणि धरून ठेवल्याने कुणाचं बुडत नाही. विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे, आणि त्यासाठी तुम्हाला शिकागोचा एक पोस्टमन माहीत असायला हवा.

जॉन प्राईन. जन्म 1946, शिकागोजवळचं मेवूड. आईवडिलांचं मूळ केंटकीतलं. मोठ्या भावाने गिटार शिकवली. मध्ये काही काळ सैन्यात काढला, तोही व्हिएतनाममध्ये नाही तर पश्चिम जर्मनीत गाड्या दुरुस्त करत. परत आला तो टपाल वाटायला. आणि टपाल वाटता वाटता हा बाबा मनातल्या मनात गाणी लिहायचा. एकदा बीट पाठ झाली की पाय आपोआप चालतात आणि डोकं मोकळं. (आपल्या स्टेटस कॉल्सना हीच सोय आहे, फक्त कॅमेरा बंद हवा.)

त्याच्या सुरुवातीच्या गाण्यांचे विषय बघा. व्हिएतनामहून नशेची सवय घेऊन परतलेला सैनिक. म्हातारपणी एकटं पडलेलं जोडपं. कोळशाच्या खाणीने खाऊन टाकलेलं आईवडिलांचं गाव. लिहिणारा तेव्हा विशीतला! या वयात मी रिझ्युमेमध्ये ‘टीम प्लेयर’ हा शब्द कुठे बसवायचा याचा विचार करत होतो. पण माझ्या मते ही गाणी त्या नोकरीशिवाय झालीच नसती. सैनिक, म्हातारे, कामगार या सगळ्यांच्या दारावर तो रोज जात होता. ‘पूर्णवेळ कलाकार’ असता तर त्याला बहुधा दुसरे पूर्णवेळ कलाकारच भेटले असते.

पुढची गोष्ट मात्र अगदी सिनेमासारखी आहे. शिकागोतल्या ‘फिफ्थ पेग’ नावाच्या छोट्याशा बारमध्ये तो गायला लागला. 1970 च्या ऑक्टोबरमध्ये रॉजर एबर्ट, हो, तोच सुप्रसिद्ध सिनेसमीक्षक, एक सिनेमा अर्धवट सोडून बिअर प्यायला तिथे शिरला. गाणी ऐकून थक्क झाला आणि सिनेमाऐवजी या गाणाऱ्या पोस्टमनवरच ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये लिहिलं. त्या वेळीही प्राईन दिवसा टपाल वाटत होता. 1971 मध्ये मित्र स्टीव्ह गुडमन क्रिस क्रिस्टोफरसनला रात्री उशिरा, खुर्च्या टेबलांवर चढवल्यावर, त्याचं गाणं ऐकायला घेऊन आला. तिथून न्यूयॉर्क, अटलांटिक रेकॉर्ड्सचा करार आणि त्याच वर्षी पहिला अल्बम.

लोक ही गोष्ट इथेच थांबवतात. रिअॅलिटी शोवर वाढलेल्या आपल्या पिढीला तर ही फारच आवडते, कारण यात ‘ब्रेक’ आहे. कुणीतरी मोठा माणूस येतो, ऐकतो आणि आयुष्य बदलतं. पण ब्रेक ही योगायोगाची गोष्ट आहे. त्या रात्री तो सिनेमा बरा असता तर? ज्यावर आपला काडीचा ताबा नाही ते करिअर प्लॅनमध्ये कशाला लिहायचं?

मला जास्त रस आहे तो पुढच्या भागात, जो कुणी सांगत नाही. अटलांटिकसाठी चार अल्बम, मग असायलमसाठी तीन. समीक्षक खूश, मोठमोठे गायक त्याची गाणी गातायत, पण विक्री जेमतेम. 1980 च्या सुमारास तो पस्तिशीला टेकला होता आणि मोठ्या कंपन्यांच्या दृष्टीने एव्हाना ‘याचं काही होणार नाही’ या खात्यात गेला होता. त्याने 1981 मध्ये मॅनेजर अल बुनेटाबरोबर स्वतःचं लेबल काढलं, ‘ओ बॉय रेकॉर्ड्स’. तेव्हा इंटरनेट नाही, क्राउडफंडिंग हा शब्द नाही. चाहत्यांनी रेकॉर्ड निघायच्या आधीच पोस्टाने चेक पाठवले! 1984 मध्ये ‘एमलेस लव्ह’ निघाला. 1991 च्या ‘द मिसिंग इयर्स’ला ग्रॅमी मिळालं, तेही याच घरच्या लेबलवर. 1998 मध्ये मानेचा कॅन्सर झाला, आवाज पार घोगरा झाला, तरी तो गात राहिला. 2018 मध्ये ‘द ट्री ऑफ फर्गिव्हनेस’ बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेला. हा त्याचा आयुष्यातला सगळ्यात वरचा नंबर, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. 7 एप्रिल 2020 ला कोविडने गेला. त्याचं लेबल त्याच्या मागेही चालू आहे.

आता तो वेगळा प्रश्न. गाणी कुणाच्या नावावर आहेत?

आपल्या भाषेत सांगतो. गाणं, म्हणजे शब्द आणि चाल, हा सोर्स कोड. रेकॉर्डिंग हा त्याचा एक बिल्ड. दोन्हींची मालकी वेगवेगळी असू शकते आणि बहुतेक वेळा असतेच. प्राईनचे पहिले अल्बम मोठ्या कंपन्यांचे होते. म्हणून 2000 साली त्याने ‘सुव्हेनिअर्स’ या अल्बमसाठी आपलीच जुनी गाणी स्वतःच्या लेबलवर पुन्हा रेकॉर्ड केली. त्याच कोडचा नवा बिल्ड! 2021 पासून टेलर स्विफ्टने हेच मोठ्या प्रमाणावर केलं तेव्हा जगाला ही फार नवी युक्ती वाटली.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आमच्या टीममधला एक टेस्टर. मूळचा सातारा जिल्ह्यातला. मराठीत गाणी लिहितो, एसटीच्या शेवटच्या गाडीवर त्याचं एक गाणं आहे ते ऐकून मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. पुण्यातल्या एका कॅफेत महिन्यातून एकदा गातो, चाळीसेक माणसं येतात आणि त्यातली निम्मी दर वेळी तीच असतात. त्याला एका कंपनीने करार पाठवलाय. सात गाणी, एकरकमी पन्नास हजार, आणि हक्क ‘कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’. विश्वात! मंगळावर वस्ती झाली तर तिथली रॉयल्टीसुद्धा गेली. पठ्ठ्या खुशीत आहे, म्हणतो ‘ब्रेक मिळाला, आता पेपर टाकतो’.

मी त्याला कायदा दाखवला. आपल्याकडे 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा आता करारात लिहूनही कंपनीला काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीकडे देता येतो. पण हे झालं सोर्स कोडचं. रेकॉर्डिंगची मालकी सही केली की गेली. आणि गंमत म्हणजे हक्क देताना करारात मुदतच लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर ते ‘कायमस्वरूपी’ आणि ‘विश्वात’ इतक्या आवर्जून टाइप केलेलं असतं.

त्याचं म्हणणं, ‘अरे, पण स्वतः टाकून तरी काय मिळणार?’ खरंय. स्पॉटिफायवर 2024 पासून एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत किमान एक हजार स्ट्रीम्स नसतील तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. हजाराच्या वर गेलं तरी त्यातून पुण्यातल्या खोलीचं भाडं निघेल या भ्रमात कुणी राहू नये. स्ट्रीमिंग म्हणजे व्हिजिटिंग कार्ड, पगार नव्हे. केव्हिन केलीने 2008 मध्ये ‘एक हजार सच्चे चाहते’ अशी कल्पना मांडली होती. प्रत्येकाने वर्षाला शंभर डॉलर खर्च केले तर कलाकाराचं भागतं. आपल्याकडे आकडे वेगळे येतील, पण दिशा तीच. प्राईनला चेक पाठवणारे असेच लोक होते. आमच्या टेस्टरकडे असे वीसएक जण आज आहेत, आणि ते कुठल्या कंपनीने दिलेले नाहीत, एसटीच्या गाण्याने दिलेत.

आणि इथे पगार उपयोगी पडतो. ज्याच्या खात्यात एक तारखेला पगार जमा होतो त्याला पन्नास हजारांसाठी सात गाणी द्यावी लागत नाहीत. नोकरी कलेचा गळा घोटते वगैरे म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं. ‘नाही’ म्हणायची ताकद तिच्यातूनच येते. ती कायम करावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. कॅफेतले चाळीस चारशे झाले की खुशाल सोडावी, फेअरवेलचा केक मी आणीन :)

सध्या त्याने कंपनीला उलट मेल टाकलाय. सात ऐवजी दोन गाणी, रेकॉर्डिंगचे हक्क पाच वर्षांसाठी, फक्त भारतापुरते, आणि उरलेली पाच स्वतःकडे. पाच दिवस झाले, उत्तर नाही. एसटीचं गाणं त्या दोनात नाही, एवढं मात्र मी बघून घेतलंय.